स्वल्पविराम की अर्धविराम? पाच वाचनालयांच्या एकत्रित यादीच्या प्रकल्प नोंदी

काम: फोंडा, डिचोली, पेडणे, सांगे आणि काणकोण तालुक्यांतल्या पाच वाचनालयांच्या दाखल नोंदवह्या एका यादीत आणणं. पेडण्यात बसून काणकोणातलं पुस्तक शोधता आलं पाहिजे, एवढीच मागणी. या नोंदींत अंक देवनागरीत लिहिले आहेत. फाइलींत ते इंग्रजी आहेत असं धरावं. जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

३ जून २०२५

पाचही फाइली आल्या. फोंड्याची एक्सेलमध्ये. डिचोलीची सीएसव्ही (ओळीतले रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल), पण रकान्यांच्या मध्ये स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम. पेडण्याची कोहा या वाचनालयांच्या संगणक-प्रणालीतून काढलेली मार्क २१, म्हणजे ग्रंथनोंदींची ठरीव मांडणी. सांग्याची गूगल शीट. काणकोणची जुन्या, युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक) येण्याआधीच्या फॉन्टात टंकलेली वर्डची फाइल. तो फॉन्ट यंत्रावर नसेल तर नुसती रोमन अक्षरांची खिचडी.

बैठकीचा बहुतेक वेळ विभाजक, म्हणजे दोन रकाने वेगळे करणारं चिन्ह, कोणता यावर गेला. विभाजक डोळ्यांना दिसतो, म्हणून त्यावर प्रत्येकाला मत असतं. रिकाम्या रकान्याचा अर्थ ‘किंमत छापलेली नाही’ की ‘अजून पाहिलेली नाही’, हा प्रश्न इतिवृत्तात एका ओळीत उरकला. काम अडणार ते तिथेच.

६ जून

विभाजकांची छाननी.

स्वल्पविराम: मराठी शीर्षकांत आणि ‘लेखक, संपादक’ अशा नोंदींत तो हमखास येतो. आरएफसी ४१८० (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांतला एक) प्रमाणे असा रकाना दुहेरी अवतरण चिन्हांत घालायचा आणि आतलं अवतरण चिन्ह दोनदा लिहायचं. पण हा दस्तऐवज ऑक्टोबर २००५ चा, आणि तोही ‘माहितीपर’. सीएसव्ही त्याआधी कित्येक दशकं वापरात होती. म्हणजे आधी रस्ता पडला, मग नकाशा आला. त्यामुळे ज्याची फाइल त्या नकाशाशी जुळत नाही तोही आपलंच बरोबर म्हणतो, आणि त्याला चूक ठरवायला आधार नसतो.

अर्धविराम: डिचोलीच्या फाइलीचं कोडं सुटलं. तिथल्या संगणकावर पोर्तुगीज कागदपत्रांचं काम चालतं, म्हणून विंडोजची प्रादेशिक मांडणी पोर्तुगीज ठेवलेली आहे. त्या मांडणीत दशांशचिन्ह स्वल्पविराम असतं. मग तोच विभाजक कसा चालेल? एक्सेल आपोआप अर्धविराम लावतं. फाइलीत चूक काही नाही. मात्र तिथे ८९१.४६३ हा वर्गांक (पुस्तकाच्या विषयाचा क्रमांक) ८९१,४६३ असा उतरला आहे, आणि तो स्वल्पविराम हजाराचा समजला तर मराठी कादंबरीचा वर्ग आठ लाख एक्क्याण्णव हजारांवर जातो.

उभी रेघ: पहिल्यांदा सगळ्यांना पटली. पण देवनागरीतला दंड आणि कीबोर्डावरची उभी रेघ दिसायला सारख्या. युनिकोडमध्ये यू+०९६४ हा दंड वेगळा सांकेतांक असला तरी टंकणारे दंडासाठी सर्रास रेघ दाबतात. ओव्या, आरत्या, स्तोत्रांच्या पुस्तकांत शीर्षकाबरोबर पहिला चरण उतरवायची जुन्या नोंदवह्यांत पद्धत आहे. सांग्याच्या शीटमध्ये शोधलं तर अशा ओळी निघाल्या. रेघ बाद.

टॅब: टॅबच्या मांडणीत रकान्याच्या आत टॅब चालतच नाही, म्हणून अवतरण चिन्हांची भानगड नाही. तोटा असा की तो दिसत नाही आणि व्हॉट्सॲपवर किंवा मेलमध्ये चिकटवताना त्याच्या मोकळ्या जागा होतात. आमच्याकडे निम्म्या दुरुस्त्या व्हॉट्सॲपवर येतात.

गंमत म्हणजे खास विभाजनासाठी राखून ठेवलेली चार चिन्हं आस्की या जुन्या इंग्रजी अक्षरसंकेतात पहिल्यापासून आहेत, क्रमांक २८ ते ३१. ती कोणत्याही शीर्षकात येत नाहीत. मार्कची फाइल यांतली तीन वापरते. पण ती कीबोर्डावर नाहीत, म्हणून बाकीचं जग स्वल्पविरामावरून भांडत बसलं.

१० जून

फोंड्याची फाइल ‘सीएसव्ही’ म्हणून जतन करून पाठवली गेली, तेव्हा सगळं मराठी प्रश्नचिन्हं झालं. हीच फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या पर्यायाने पुन्हा मागवली (यूटीएफ-८ म्हणजे युनिकोडची चिन्हं बाइटांत साठवायची रीत). इथे दोन बिघाड ओळखायला शिकावेत, कारण त्यांचा इलाज वेगळा आहे.

प्रश्नचिन्हं दिसली तर मजकूर जतन करतानाच गेला. तो परत मिळत नाही, मूळ फाइलच हवी. पण एकाच जोडीची विचित्र लॅटिन अक्षरं पुन्हापुन्हा दिसली तर मजकूर शाबूत आहे, फक्त वाचणारा प्रोग्रॅम संकेत चुकीचा धरतो आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, आणि पहिले दोन बाइट नेहमी इ०-ए४ किंवा इ०-ए५. म्हणून तीच जोडी. उघडताना यूटीएफ-८ निवडलं की मराठी परत येतं.

‘सीएसव्ही यूटीएफ-८’ वापरलं की एक्सेल फाइलीच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट घालतं, इएफ-बीबी-बीएफ. पहिल्या रकान्याचं नाव ‘दाखल_क्र’ दिसतं, पण प्रोग्रॅमला ते वेगळंच नाव वाटतं आणि ‘असा रकाना नाही’ अशी तक्रार येते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत वाचताना ‘यूटीएफ-८-सिग’ दिलं की दोन्ही प्रकारच्या फाइली चालतात. लिहिताना मात्र हे बाइट घालायचे नाहीत.

१३ जून

सगळ्यात महत्त्वाची नोंद ही. विषय-रकान्यात ‘दऱ्या’ शोधलं तर एकाच वाचनालयाची पुस्तकं निघाली. अर्धा ‘ऱ’ तीन तऱ्हांनी टंकला जातो आणि तिन्ही पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात:

पहिली: द, ऱ (यू+०९३१), हलन्त, य, काना. पाच चिन्हं, १५ बाइट.
दुसरी: द, र, नुक्ता, हलन्त, य, काना. सहा चिन्हं, १८ बाइट.
तिसरी: द, र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह (यू+२००डी), य, काना. ही सुद्धा सहा चिन्हं, १८ बाइट.

युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची रीत) दुसरीला पहिलीत बसवतं. तिसरीला हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती वेगळी आहे. आता पुढची खोड. डेटा ‘स्वच्छ’ करण्याच्या बहुतेक तयार स्क्रिप्टा अदृश्य चिन्हं सरसकट काढून टाकतात. तिसऱ्या तऱ्हेतून जोडचिन्ह काढलं की उरतं द, र, हलन्त, य, काना, म्हणजे दर्या. डोंगरातल्या दऱ्यांचं पुस्तक समुद्राच्या विषयात जाऊन पडतं. कुठेही त्रुटी दाखवली जात नाही, कारण दर्या हाही शब्द आहे, आणि गोव्यातल्या यादीत तर तो कोणाला खटकणारही नाही.

क्रम ठरला, तो बदलायचा नाही: आधी ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ याच्या जागी ‘ऱ, हलन्त’, मग एनएफसी, उरलेली अदृश्य चिन्हं त्यानंतर. ‘ॲ’ साठीही वेगळा नियम लागला, कारण एकाक्षरी ॲ (यू+०९७२) आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेला ॲ यांना एनएफसी एक मानत नाही. हे एकाक्षरी चिन्ह २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आलं, त्यामुळे जुन्या फाइलींत दुसराच प्रकार भेटतो.

‘मडगाव’ आणि ‘मडगांव’, ‘केपे’ आणि ‘केपें’ हे मात्र सामान्यीकरणाचं काम नाही. एक मराठी वळण, दुसरं कोकणी किंवा जुनं. पुस्तकावर छापलंय तसंच ठेवायचं. शोधासाठी शेजारी ठरीव नावाचा वेगळा रकाना. छापण्याच्या गावातही तेच: जुन्या पुस्तकांवर पणजीच्या जागी ‘नोव्हा गोवा’ असतं.

१८ जून

देवाणघेवाणीसाठी कोणती मांडणी यावर दिवसभर चर्चा. चार उमेदवार, चारही नोंदी साध्या मजकुरात लिहायच्या मांडण्या.

एक्सएमएल. १० फेब्रुवारी १९९८ ची शिफारस, सगळ्यांत कडक. फाइलीचा संकेत पहिल्या ओळीत जाहीर करता येतो, माहितीभोवतीच्या खुणांची (टॅग) नावं देवनागरीत चालतात, आणि एक खूण बंद करायची राहिली की वाचक तिथेच थांबतो. हा कडकपणा आम्हाला हवाच आहे. पण लेखक हा खुणेचा गुणधर्म की आतली खूण, यावर तीन जणांची तीन मतं झाली आणि तिन्ही एक्सएमएलच्या नियमांत बसतात.

टॉमल. वाचायला सुरेख. पण १.० आवृत्तीत विनाअवतरण कळीला (की, म्हणजे नोंदीतल्या रकान्याच्या नावाला) फक्त इंग्रजी अक्षरं, अंक, अधोरेघ आणि संयोगचिन्ह चालतं. ‘शीर्षक’ हे अवतरणात घालावं लागतं, प्रत्येक ओळीत. शिवाय ही मांडणी सेटिंगांच्या फाइलींसाठी आहे, ग्रंथनोंदींच्या रांगांसाठी नाही.

यॅमल. ग्रंथपालांना हीच आवडली, कारण कागदावर लिहिल्यासारखी दिसते. हरकत दिसण्यावर नाही, ती परस्पर अर्थ लावते यावर आहे. १.१ आवृत्तीत अपूर्णविरामाने जोडलेले अंक साठाच्या पायावरचे आकडे मानले जातात. जुन्या नोंदवहीतली किंमत २:१२, म्हणजे दोन रुपिये बारा टांगा (गोव्यातलं पोर्तुगीज काळातलं चलन), अवतरणाशिवाय लिहिली तर तिचे १३२ होतात. वाचनालयाची वेळ ९:३० लिहिली तर ५७०. पण ०९:३० लिहिली तर शून्यामुळे ती मजकूरच राहते. हेच आकडे देवनागरी अंकांत टंकले तर दोन्ही सुखरूप. कपाटाला लॅटिन ‘एन’ अक्षर असेल तर १.१ च्या लिखित नियमानुसार तो नकार होतो. यॅमल वाचणारं पायथनचं प्रचलित साधन पायॅमल एकट्या अक्षराला तसं करत नाही, पण ‘नो’ हा पूर्ण शब्द असेल तर करतं. १.२ आवृत्तीने २००९ मध्ये हे बरंच सावरलं, तरी पायॅमल आजही १.१ चेच नियम पाळतं. म्हणजे ‘यॅमल वापरू’ एवढं म्हणून करार होत नाही. कोणती आवृत्ती आणि ती वाचणारं कोणतं साधन, तेही लिहावं लागतं.

जेसन. नियम मोजके, म्हणून भांडायला जागा कमी. ती पुरती संपत नाही. एकाच गोष्टीचे दोन अधिकृत दस्तऐवज आहेत: एक्मा-४०४ (एक्मा या मानकसंस्थेचा, २०१३) आणि आरएफसी ८२५९ (डिसेंबर २०१७). व्याकरण एकच. पण एका नोंदीत ‘लेखक’ ही कळी दोनदा आली तर? आरएफसी म्हणते नावं वेगळी असावीत, नसतील तर काय होईल याचा भरवसा नाही. पायथन शेवटची ठेवतं, पहिली गुपचूप टाकतं. दोन लेखकांची पुस्तकं अशीच एकलेखकी होतात. टिपा लिहायची सोय नाही. जेसन रूढ करणारे डग्लस क्रॉकफर्ड यांनी ती मुद्दाम काढली, कारण लोक टिपांतून वाचकाला सूचना देऊ लागले होते. शेवटच्या घटकानंतरचा स्वल्पविरामही चालत नाही, आणि हाताने लिहिणारा नेमका तोच काढायला विसरतो.

निर्णय: हाताने भरायचं ते शीटमध्येच. देवाणघेवाण जेसनच्या ओळींत, एका ओळीत एक पूर्ण नोंद. अख्ख्या फाइलीची एकच जेसन यादी केली तर एक कंस सुटला की सगळी फाइल वाचता येत नाही. ओळवार ठेवली तर एकच नोंद बाजूला पडते, आणि फाइलींतले बदल नोंदवणाऱ्या गिटमध्ये काय बदललं तेही ओळीगणिक दिसतं. पायथनमधून लिहिताना ‘एन्शुअर आस्की’ बंद करायचं, नाहीतर तीन बाइटच्या प्रत्येक अक्षराचा सहा बाइटचा सांकेतिक तुकडा होतो आणि माणसाला काहीच वाचता येत नाही.

२४ जून

शीटमधून येणाऱ्या फाइलींची दुखणी वेगळी. फोंड्याला कपाट-फळी ‘३/१२’ अशी लिहितात. एक्सेलने त्याची तारीख केली. यंत्राच्या मांडणीप्रमाणे ती ३ डिसेंबर किंवा १२ मार्च होते, आणि मूळ काय होतं ते फाइलीवरून कळत नाही. फळ्या बारापर्यंतच असल्याने घोळ जास्त. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीला २०२० मध्ये याच कारणाने २७ जनुकांची नावं बदलावी लागली, तेव्हा आपण फळीची खूण ‘३-फ१२’ केली यात कमीपणा नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, १३ अंकी. रकाना साधा ठेवला तर एक्सेल तो ९.७८८१७ई+१२ असा दाखवतं आणि सीएसव्ही करताना जसं दिसतं तसंच लिहितं. पुन्हा उघडला की ९७८८१७०००००००. हे तपासअंकाने पकडता येतं: पहिल्या १२ अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज ८४ येते, ती दहाच्या पटीत न्यायला शेवटचा तपासअंक ६ हवा, इथे ० आहे. दहा अंकी जुन्या क्रमांकाच्या शेवटी एक्स असू शकतो, म्हणून तो आकडा नव्हेच. वर्गांकही आकडा नाही: दशांशानंतरचं शेवटचं शून्य गणितात फुकट, फळीवर नाही.

नियम: कोरी शीट उघडल्यावर, काहीही टंकण्याआधी, सगळे रकाने निवडून ‘मजकूर’ करायचे. नंतर केलं तर झालेली तारीख मागे फिरत नाही, तिचा पाच अंकी क्रमांक दिसतो.

कोणता रकाना कशाचा, हे सीएसव्हीत सांगताच येत नाही. वेबसाठीच्या सीएसव्हीच्या, डब्ल्यू३सी या मानकसंस्थेच्या शिफारशींनी डिसेंबर २०१५ मध्ये ते शेजारच्या जेसन फाइलीत लिहायची रीत दिली. आम्ही तिच्यातला लहानसा भाग घेतला: रकान्याचं नाव, प्रकार, सक्तीचा की नाही.

१ जुलै

किंमत. तीन चलनं निघाली. गोव्यात छापलेल्या जुन्या पुस्तकांवर रुपिया: १६ टांगांचा, ९६० रेइसांचा. १९५८ नंतर एस्कुदो, शंभर सेंतावांचा. मुंबई-पुण्याच्या पुस्तकांवर रुपये-आणे-पै, १ एप्रिल १९५७ ला दशमान येईपर्यंत. टांगा सोळा आणि आणेही सोळा, त्यामुळे ‘२:१२’ दोन्हींचं असू शकतं. पावणेतीन खरे, पण कशाचे?

एस्कुदोत डॉलरसारखं चिन्ह दशांशाच्या जागी येतं: १२$५० म्हणजे बारा एस्कुदो पन्नास सेंतावो. टंकणाऱ्याने ते सरळ करून साडेबारा डॉलर केले होते. चूक सद्भावनेची, म्हणूनच पकडायला अवघड.

ठरलं ते असं: छापील रूप जसंच्या तसं मजकूर म्हणून, चलनाचा रकाना सक्तीचा, आणि लहानात लहान एककातली पूर्ण संख्या. रुपियाची २:१२ असेल तर २६४० रेइस. अपूर्णांक कुठेच नको, म्हणजे दशांशचिन्हाचा वादही नको.

वर्ष: ‘शके १८६७’ म्हणजे १९४५ किंवा १९४६, कारण शके चैत्रात बदलतं आणि मुखपृष्ठावर महिना नसतो. ७८ मिळवून एकच वर्ष लिहू नये. १९४५/१९४६ असं लिहायचं, आणि मूळ ‘शके १८६७’ शेजारी. पूर्ण तारीख असेल तर वर्ष-महिना-दिवस, आरएफसी ३३३९ प्रमाणे.

८ जुलै

पेडण्याची मार्क फाइल. इथे विभाजक आहेत, शिवाय प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला २४ स्थानांचा लीडर (नोंदीबद्दलची माहिती देणारा मथळा) आणि मग सूची: प्रत्येक क्षेत्राला १२ स्थानं, तीन खुणेची, चार लांबीची, पाच सुरुवातीची. ही लांबी बाइटांत मोजायची. आमच्या पहिल्या स्क्रिप्टने अक्षरांत मोजली, म्हणून ‘मराठी’ला १५ ऐवजी ५ धरले आणि तिथून पुढचं प्रत्येक क्षेत्र मधोमध कापलं गेलं. इंग्रजी नोंदींवर चाचणी घेतली होती. तिथे दोन्ही मोजण्या सारख्याच येतात. चाचणीसाठी पहिली नोंद मराठीच हवी.

१५ जुलै

तपासणीची स्क्रिप्ट चालू. ती दुरुस्त काहीच करत नाही, फक्त नाकारते आणि ओळ क्रमांकासह कारण मराठीत सांगते. नाकारते ते: यूटीएफ-८ नसलेली फाइल; एका नोंदीत तीच कळी दोनदा; ‘र, हलन्त, जोडचिन्ह’; तपासअंक न जुळणारा आयएसबीएन; चलनाशिवाय किंमत; आकड्यांच्या रकान्यात देवनागरी अंक. शेवटचा नियम कडू वाटला, पण कारण आहे. पायथन ‘१२’चा आकडा करून देतो, जावास्क्रिप्ट ‘आकडा नाही’ म्हणते. जेसनच्या व्याकरणात आकडे फक्त इंग्रजी. शीर्षकात देवनागरी अंक हवे तेवढे.

रिकाम्या जागेवर शेवटी बोलणं झालं. फोंड्यात ‘—’, सांग्यात ‘नाही’, डिचोलीत शून्य, पेडण्यात क्षेत्रच गायब. आता दोनच रूपं: पाहिलं आणि नाही, तर नल (जेसनमधली ‘काही नाही’ची खूण), पाहिलेलं नाही, तर कळीच नको. शून्य म्हणजे फुकट वाटलेलं पुस्तक. जुन्या फाइलींतल्या शून्यांचा अर्थ फक्त डिचोलीच्या मूळ नोंदवहीतूनच कळेल.

अर्धविराम की स्वल्पविराम, हा प्रश्न या आठवड्यात कोणी काढला नाही. आयात करताना दोन्ही चालतात. विभाजक शीर्षओळीवरून ओळखला जातो.

२२ जुलै

चार फाइली तपासणीतून पार. काणकोणची बाकी आहे. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रूपांतरक साध्या अक्षरांत ती बरोबर हलवतो, पण जोडाक्षर आलं की चुकतो: ‘स्थिती’मध्ये वेलांटी अर्ध्या ‘स’लाच लावून मोकळा होतो. वेलांटी आणि जोडाक्षर शेजारी असलेले शब्द वेगळे काढून छापले आहेत. ते मूळ नोंदवहीशी हाताने ताडायचे. डिचोलीची नोंदवही पाऊस ओसरल्यावर मिळेल, तोवर तिथली शून्यं ‘पाहिलेलं नाही’ म्हणून ठेवली आहेत.